बारावीनंतर बिलो

निकाल लागले की तालुक्याच्या मंगल कार्यालयात करिअर मेळावा भरतो. वैद्यकीय, अभियांत्रिकी, सीए, यूपीएससी, हल्ली ड्रोन पायलटसुद्धा. सगळ्यांची टेबलं मांडलेली असतात. ज्या व्यवसायाने तालुक्याला सभापती दिले, पांढऱ्या गाड्या दिल्या आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फलकांवर ‘शुभेच्छुक’ म्हणून कायमची जागा पटकावली, त्या शासकीय ठेकेदारीचं टेबल मात्र कुठे दिसत नाही. म्हणून आजचं हे सदर. मार्गदर्शन मोफत आहे. इसारा रक्कम तेवढी भरून ठेवा.

शिक्षणाची अट फार जाचक नाही. अभियांत्रिकीची पदवी-पदविका असेल तर ‘सुशिक्षित बेरोजगार अभियंता’ म्हणून नोंदणी होते. छोट्या कामांच्या वाटपात ३३ टक्के या बेरोजगारांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि उरलेली ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, हे सूत्र महाराष्ट्रात बरीच वर्षं चालत आलं आहे. बेरोजगारी ही अशी पात्रता आहे की काम मिळालं तरी ती सोडायची नसते. अभियंता होणं जमलं नाही तर मजूर व्हावं. काही मजूर संस्थांचे सभासद ज्या गाड्यांतून सभेला उतरतात त्या पाहिल्या की या राज्यात श्रमाला प्रतिष्ठा नाही असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

मग आकडे पाठ करा. पारावरचा म्हातारादेखील ‘हे काम २५१५ चं’ असं सांगतो, तेव्हा तो गावाच्या मूलभूत सुविधांच्या लेखाशीर्षाबद्दल बोलत असतो. ३०५४ मधून रस्ते दुरुस्त होतात, ५०५४ मधून नवे होतात. दुरुस्तीचा रस्ता दरवर्षी नव्याने होतो आणि नवा रस्ता पहिल्याच पावसात दुरुस्तीला येतो, त्यामुळे दोन्ही आकडे सारखेच उपयोगी पडतात. क्रम असा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. भूमिपूजन या क्रमात कुठेही बसतं, कारण त्याला मान्यता लागत नाही, नारळ लागतो.

खरी विद्या इथून पुढे. पूर्वी कचेरीत निविदेची पेटी असे आणि पेटीपाशी चार धष्टपुष्ट कार्यकर्ते उभे असत. ज्याला निविदा टाकायची त्याने त्यांच्यामधून वाट काढायची. तांत्रिक क्षमतेची याहून चोख तपासणी पुढे कुठल्याही नियमपुस्तिकेला जमली नाही. आता निविदा महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावर, सही डिजिटल. ते चार कार्यकर्ते बिचारे कुठे गेले म्हणाल, तर निविदेच्या अटींत जाऊन उभे राहिले.

डांबराचा प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा, ही अट वाचली की प्लांटमालकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला पाहिजे. असंच काम, एवढ्याच रकमेचं, अमुक वर्षांत केलेलं असावं, ही त्याच्या अंगाला लावून पाहिलेली दुसरी अट. चांगल्या शिंप्याकडचा सदरा जसा एकालाच बसतो, तशी चांगली निविदाही. माझी सर्वांत आवडती अट मात्र जागा पाहणीच्या दाखल्याची. उपअभियंत्याची सही आणल्याशिवाय निविदा भरता येत नाही, म्हणजे कोण कोण भरणार हे लिफाफा उघडण्याआधीच संबंधितांना कळतं. तुम्ही संबंधित नसाल तर साहेब साइटवर गेलेले असतात. साइटवर गेलात तर मीटिंगला.

निविदा तीन तरी याव्या लागतात. त्यासाठी दोन मित्र ठेवावेत. त्यांना ‘सपोर्ट’ म्हणतात. पुढच्या कामात तुम्ही त्यांचे सपोर्ट. फक्त तिन्ही अर्जांत शुद्धलेखनाची चूक एकच येणार नाही एवढं पाहा. छत्तीसगडमधल्या ई-निविदा तपासताना महालेखापरीक्षकांना असे संगणक सापडले होते, ज्यांवरून निविदा काढणारे अधिकारीही काम करत होते आणि निविदा भरणारे ठेकेदारही. यात गैर काय तेच कळत नाही. सरकारचा एका संगणकाचा खर्च वाचला.

आता बिलो. दरसूचीपेक्षा किती टक्के कमी दराने काम घेतलं, यावर तालुक्यात तुमची पत ठरते. ‘२८ बिलोने घेतलं’ हे वाक्य चहाच्या टपरीवर जरा मोठ्यानेच बोलायचं असतं. दरसूचीत ठेकेदाराचा नफा धरलेला असतो दहा टक्क्यांच्या आसपास. मग वरचे १८ कुठून येतात, असा प्रश्न सरकारलाही पडला आणि दहा टक्क्यांहून जास्त बिलो गेल्यास जादा सुरक्षा ठेव भरायची अट आली. ठेकेदारांनी ठेव भरली आणि रस्त्याचा थर तेवढा पातळ झाला. मोजमाप पुस्तिकेत तो भरपूर जाड आहे. रस्ता कसा झालाय हे पाहायला रस्त्यावर जाणारी माणसं या व्यवसायात टिकत नाहीत.

डांबराचा वास सोसत नसेल तर केंद्राचं सरकारी खरेदीचं ‘जेम’ पोर्टल आहे, २०१६ पासून. तिथे खुर्ची, झाडू, संगणक सगळं विकता येतं; खुर्चीच्या हाताची लांबी मिलिमीटरमध्ये ठरवून कोणाची खुर्ची घ्यायची ते नक्की करण्याची सोयही आहे.

राहिलं बिल. ३१ मार्चला कोषागारं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात आणि निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीकडे डोळे लावून ‘बीम्सवर निधी पडला का?’ एवढा एकच प्रश्न जिल्हाभर फिरत असतो. पडतो तो देण्याच्या मानाने चिमूटभर. २०२५ मध्ये राज्यातल्या ठेकेदार संघटनांनी थकबाकीचा आकडा सुमारे ८९ हजार कोटी सांगितला आणि आंदोलनं केली. म्हणजे ज्याने सरकारला २८ टक्के बिलोने रस्ता दिला, त्याचे पैसे सरकार शंभर टक्के बिलोने देतं. व्यवहार तसा चोख म्हणायचा. सावकाराचं व्याज भरता भरता यात लहान ठेकेदार खरोखर मरतो. मोठा दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळतो.

तेव्हा धरणं धरायलाही शिकून घ्या. जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची जागा, बॅनर, पाण्याचे जार, सगळं सहज मिळतं. मंडपवाला तेवढा पैसे आगाऊ मागतो आणि त्याच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही. मागच्या निवडणुकीत मतदान केंद्रांवर टाकलेल्या मंडपांचं बिल त्याला अजून मिळायचं आहे.