यादीत झोप नाही

ट्रेकच्या आदल्या दिवशी ग्रुपवर यादी येते. चांगली पकड असलेले बूट, तीन लिटर पाणी, टॉर्च, जास्तीचे सेल, सुका खाऊ, रेनकोट, कोरड्या कपड्यांचा एक जोड. यादी विचार करून केलेली असते, तिच्यात खोट काढायला जागा नसते. फक्त एक ओळ मी आजवर एकाही यादीत वाचलेली नाही: गाडी चालवणाऱ्याने दुपारी चार तास झोपून यावं.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाणारा रस्ता घ्या. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता, आता ६१. नाणेघाटाची पायवाट वैशाखऱ्याजवळ या महामार्गाच्या कडेलाच सुरू होते. मोरोशीचा भैरवगड तर डांबरावरूनच दिसतो. घाट चढून वर गेलं की खुबी फाटा, आत धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर आणि तिथून तोलार खिंडीने हरिश्चंद्रगड. मुंबई-ठाण्याकडच्या ट्रेकरला हा रस्ता घरच्या जिन्यासारखा पाठ असतो. त्याच रस्त्याने ओतूर, जुन्नर, आळेफाट्याकडचा भाजीपाला रात्रीचा मुंबईकडे उतरतो. टेम्पोवाल्याला पहाटेच्या आत बाजार गाठायचा असतो, आपल्याला पहाटेच्या आत गडाचा पायथा. दोघे समोरासमोर येतात ते घाटाच्या वळणावर, रात्री दोनला.

शहरातली माणसं ट्रेकला निघतात कशी? शनिवारी ऑफिस. संध्याकाळी बाजारहाट, सॅक भरणं. रात्री साडेअकराला कल्याण स्टेशनबाहेर भेटायचं. तीनला पायथा, पाचला चढाई. संध्याकाळी पाचला खाली, चहा, आणि लगेच परत, कारण सोमवारी पुन्हा ऑफिस. या सगळ्यात बाकीचे गाडीत डोळे मिटून घेतात. एकाला ते करता येत नाही. शनिवारी सकाळी सातला उठलेला तो माणूस रविवारी रात्री आठला घाट उतरत असतो. सदतीस तास झाले त्याला.

ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात १७ ते १९ तास जागलेल्या माणसांच्या चाचण्या घेतल्या होत्या. काही चाचण्यांत त्यांची अवस्था रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी, काही चाचण्यांत त्याहूनही वाईट निघाली. आपल्याकडे कायद्याने मर्यादा आहे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. प्यायलेल्या मित्राच्या हातात आपण किल्ली देत नाही, निदान देऊ नये हे तरी आपल्याला कळतं. सदतीस तास जागलेल्याच्या हातात मात्र कौतुकाने देतो. वर म्हणतो, ‘हा जबरी आहे, याला झोपच येत नाही!’

तीन वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडाहून परतताना माझा मित्र गाडी चालवत होता आणि मी त्याच्या शेजारी बसलो होतो. शेजारी बसणाऱ्याचं काम एकच, बोलत राहणं. घाटातला बोगदा ओलांडेपर्यंत मी बोललो आणि मग झोपलो. जाग आली ती टायरखाली खडी वाजली म्हणून. डोळे उघडले तर हेडलाइटच्या उजेडात कठड्याचा एक पांढरा दगड आणि त्याच्यापलीकडे काळोख. ब्रेक करकचून लागला, मागचे तिघे पुढच्या सीटवर आदळले. इंजिन बंद पडलं. ब्रेकच्या जळक्या वासाने गाडी भरून गेली. कोणी काहीच बोललं नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मी जागाच होतो रे.”

तो खोटं बोलत नव्हता. डुलकी लागलेल्याला ती लागल्याचं कळतच नाही, हीच तिची गोम आहे. ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे घाटात शहाण्यासारखी चालणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ३३ मीटर. घाटात ३३ मीटर सरळ रस्ता कुठे असतो? दोष त्याचा नव्हता. झोपलो मी होतो. आणि त्याला तसा चालवायला बसवणारे आम्ही चौघे होतो.

रस्त्याबद्दल तक्रार करायची नाही असं मी म्हणत नाही. करायची, आणि दणकून करायची. माळशेजात पावसाळ्यात दरड येते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. २०२४ च्या जुलैत इथे दरड रिक्षावर कोसळून एकाच घरातली दोन माणसं गेली. ती ट्रेकला निघाली नव्हती, आपल्या वाटेने चालली होती. मग धबधब्यापाशी, नेमकी वळणावर, गाड्या लावून फोटो काढणाऱ्यांची रांग. धुक्यात हेडलाइटचा मोठा झोत टाकणारे, ज्यांना हे माहीत नसतं की तो उजेड धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो. रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम कायद्याच्या पुस्तकात आहे. घाटात तो पाळताना मला दिसतात ते बहुतेक एसटीचे आणि ट्रकचे जुने ड्रायव्हर. तेच सांगतात, ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. त्या एका वाक्यात ब्रेक वाचतो आणि माणूसही. शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते कोणी शिकवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दरडीच्या बाबतीत वरंधा घाटाचंही तेच. जवळजवळ दर पावसाळ्यात तो बंद होतो. बंद करणं योग्यच आहे, तिथली दरड कोणाची भीड ठेवत नाही. पण भोरकडून शिवथरघळीला निघालेल्या माणसाला ही बातमी कळते ती घाटाच्या तोंडाशी आडवं लावलेलं बॅरिकेड पाहून. मग माघारी फिरा, ताम्हिणीचा वळसा घ्या, काही तास वाढवा. ते वाढीव तासही त्याच न झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. बंद रस्त्याची पाटी पन्नास किलोमीटर आधी लावायला काय लागतं? एक पाटी आणि दोन खांब!

आणि मग आंबेनळी घाट. २८ जुलै २०१८. दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. बस शेकडो फूट खोल दरीत गेली. ३० जण गेले, एक वाचला. जे दोर लावून त्या दरीत उतरले, ज्यांनी एकेक मृतदेह वर काढला, त्यांत महाबळेश्वरचे, पोलादपूरचे ट्रेकर होते. कड्यावर जाण्यासाठी शिकलेलं दोराचं काम रस्त्याखालच्या दरीत वापरावं लागलं. सह्याद्रीत ज्यांच्याकडे दोर आहे आणि तो वापरायचं कसब आहे त्यांना असे फोन येतात, आणि ते हातातलं काम टाकून जातात. त्यांच्यापैकी कोणाशीही बोला. घाटात खाली गेलेल्या गाडीपाशी पोहोचल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, ते त्यांना विचारू नका. ते सांगणार नाहीत.

आमच्या आधीच्या पिढीचे ट्रेकर कसे जायचे? मुक्कामी एसटीने. संध्याकाळची शेवटची गाडी गावात जायची आणि रात्रभर तिथेच उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायचे आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत फिरायचे. म्हणजे घाट उतरवणारा माणूस झोपून उठलेला असायचा. ती सोय कोणी ट्रेकरसाठी केलेली नव्हती. गावकऱ्यांसाठी होती, आपल्याला आयती मिळाली होती. मग आपल्याकडे गाड्या आल्या, मुक्कामी गाडीची वाट पाहणारे आपण उरलो नाही. शनिवारी संध्याकाळी कल्याणहून निघून खिरेश्वरला मुक्कामाला राहणारी एक एसटी द्या. रविवारी संध्याकाळी ती परत आणा. भरून जाईल, हे मी पैजेवर सांगतो.

नाणेघाटात तर दोन हजार वर्षांपूर्वीची सोय अजून उभी आहे. वर जकातीचा दगडी रांजण, खाली सातवाहनांच्या काळातलं लेणं, शेजारी पाण्याची टाकी. ज्यांनी व्यापाऱ्यांकडून पैसे घेतले त्यांनी घाट चढून दमलेल्या माणसाला पाणी आणि टेकायला जागाही दिली. आज त्याच डोंगराच्या कुशीतून जाणाऱ्या महामार्गावर झोप आलेल्या माणसाने गाडी बाजूला घेऊन दोन तास पडावं म्हटलं तर धड जागा कुठे आहे? घाटाच्या वर आणि खाली दिवा, पाणी, संडास असलेला एकेक मोकळा तळ हवा, बस्स. सेल्फी पॉइंटला पैसे सापडतात, मग याला का नाही?

त्या रात्रीनंतर पुन्हा खिरेश्वरला गेलो तेव्हा गड उतरेपर्यंत अंधार पडला होता. ज्यांच्याकडे पिठलं-भाकरी जेवलो त्या मावशींनी आमची सॅक भरण्याची घाई पाहिली. म्हणाल्या, “आता कुठं घाटात जाताय रं पोरांनो? पडवी हाय की. निजा, सकाळी जावा.” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. गाडी चालवणारा काहीच बोलला नाही, पण त्याने सॅक खांद्यावरून खाली ठेवली. पडवीत घोंगडी अंथरली होती. पाच मिनिटांत तो घोरायला लागला, आम्ही आवाज न करता ऑफिसला सोमवारच्या सुट्टीचे मेसेज टाकत बसलो. एकाच्या साहेबाने लगेच रागाचं उत्तर पाठवलं. त्याने ते वाचलं आणि फोन उशाशी पालथा घातला.

सकाळी साडेसातला घाट उतरताना मी गाडी थांबवायला लावली. तो वळणावरचा पांढरा दगड उजेडात पाहायचा होता. रात्री तो मला भिंतीएवढा वाटला होता. माझ्या गुडघ्यालाही पोचत नव्हता.