खोट माहीत होती हो!

सॉफ्टवेअरच्या जगात ‘नोन बग’ ही मोठ्या मानाची जागा. दोष एकदा यादीत चढला की सगळे निश्चिंत. खड्ड्यात झाडाची फांदी खोचून पालिका निश्चिंत होते, तसे.

फायलीची ओळख पटवणाऱ्या ‘शा-१’ या डिजिटल ठशात खोट आहे, दोन वेगळ्या फायलींचा ठसा एकच निघू शकतो, हे २००५ सालीच जाहीर झालं होतं. तरी २००९ मध्ये कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सबव्हर्जन या यंत्रणेने आपल्या १.६ आवृत्तीत त्याच ठशाच्या भरवशावर जागा वाचवायची सोय केली: दोन फायलींचा ठसा सारखा निघाला, तर एकच ठेवा. काटकसर वाईट नाहीच म्हणा.

फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने ठसा एक पण मजकूर वेगळा अशा दोन पीडीएफ जगासमोर ठेवल्या. वेबकिटची मंडळी तत्पर. आपलं ब्राउझर-इंजिन अशाने फसू नये म्हणून त्यांनी चाचणी लिहिली आणि त्या दोन्ही पीडीएफ आपल्या सबव्हर्जन भांडारात चढवल्या. इंजिन राहिलं बाजूला, भांडारच आडवं झालं! सबव्हर्जनने दुसरी पीडीएफ म्हणजे पहिलीच असं मानलं; पुढे ‘एमडी५’ या दुसऱ्या ठशाची पडताळणी जुळेना. फायली काढून टाकल्या, तरी गिट या तसल्याच दुसऱ्या यंत्रणेवरची भांडाराची नक्कल जागची हलेना. हलणार कशी? झालेलं काहीच न विसरणं, हाच तर अशा यंत्रणांचा लौकिक.

मग त्या पीडीएफ दारातच अडवणारी स्क्रिप्ट आली, आणि जुलैमध्ये सबव्हर्जनच्या १.९.६ आवृत्तीत दुरुस्ती. खोट जाहीर झाल्यापासून अवघ्या बारा वर्षांत.