आधी मांजरपाट, मग पैठणी

पैठणी घेताना पदरावरचे मोर निरखून बघणारी मंडळी तिचा ब्लाउजपीस मात्र थेट शिंप्याच्या कात्रीखाली सरकवतात. पॅरिसच्या नामांकित फॅशनघरांत महागड्या कापडाला हात लावण्याआधी साध्या सुती कापडाचा कच्चा पोशाख शिवून अंगावर बसवून बघतात. आपल्याकडे जुना ब्लाउज मापाला दिला की भागतं. तो काखेत काचायचा, हे कुणी शिंप्याला सांगत नाही.

आधी मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज शिवून बघा म्हटलं, तर ‘आत माया सोडलेली असते की,’ हे ठरलेलं उत्तर. असते, पण ती बाजूच्या शिवणीत. तेवढ्यानं छाती-कंबर थोडी सैल होईल. खोल गेलेला गळा वर येत नाही आणि जास्त कोरलेला मुंढा भरून निघत नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: मांजरपाट रेशमासारखा अंगावर पडत नाही. खरंय, म्हणून सरावाचं कापड शक्यतो त्याच जाडीचं घ्यावं. पण टक्सचं टोक भलतीकडेच गेलंय, हे मांजरपाटही चोख दाखवतो. राहिला खर्च. मीटरभर मांजरपाट ज्यांना जड वाटतो, तेच त्या ब्लाउजच्या पाठीला लटकनं लावायला खुशाल पैसे मोजतात, आणि हूक लागेना झाले की पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ‘खानदानी’ दिसतात.