टायर टकले झाल्यावर काय करावे : इलेक्ट्रिक पिकअपच्या नवशिक्या मालकांसाठी

प्रथम खात्री करावी. एक सेंटचे नाणे घेऊन लिंकनचे डोके खाली येईल असे टायरच्या खाचेत उभे घालावे. डोके पूर्ण दिसले तर खाच दोन बत्तिसांश इंचावर आली. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असा टायर कायद्यानेच बाद. मग ‘अहो, गाडी आत्ता तर घेतली!’ असे एकदा घरीच मोठ्याने म्हणून घ्यावे. ही पायरी गाळू नये, नाहीतर ती दुकानाच्या काउंटरवर पार पडते.

कारणमीमांसा थोडक्यात. आपली रिव्हियन आर१टी रिकामी असतानाच तीन टनांहून जास्त भरते. त्यात विजेची मोटर. पायाचा अंगठा हलला की सगळा जोर एकदम चाकावर. सिग्नल सुटताच शेजारच्या मस्टँगला मागे टाकण्याची किंमत रबरात वळती होते. उलट चार मोटरच्या मॉडेलवर काटकसरीचा ‘कॉन्झर्व्ह’ मोड लावला, तर गाडी पुढच्या दोन चाकांवरच चालते आणि पुढची जोडी आधी संपते. उधळा किंवा वाचवा, टायरवाल्याचे काही अडत नाही.

आता टायरवरचे वाचन. २७५/६५ आर२० : रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत. इतका सर्वधर्मसमभाव एका ओळीत क्वचितच सापडतो. त्यापुढचा ११६ मात्र हसण्यावारी नेऊ नये. हा लोड इंडेक्स. ११६ म्हणजे एका टायरने पेलायचे १२५० किलो. ११२ म्हणजे ११२०. साइज तीच आणि दर कमी म्हणून ११२चा टायर उचलायचा मोह होईल. तसे करायचेच असेल तर आधी गाडी बदलावी.

‘ट्रेडवेअर ५००’ दिसले की त्याला शंभराने गुणून मैल काढणारा एक तरी जाणकार प्रत्येक मित्रमंडळात असतो. त्याला चहा द्यावा, पण ऐकू नये. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोभोवती सुमारे चारशे मैलांची चाचणीची वाट आहे. तिथे प्रमाण टायरच्या तुलनेत झीज मोजतात आणि श्रेणी शेवटी कंपनीच लावते. ‘एलटी’ अक्षरांच्या टायरवर हा आकडा बहुधा नसतोच, त्यामुळे तिथे जाणकारही गप्प बसतात.

यानंतर खरी परीक्षा : ऑल-टेरेन की रस्त्याचे? ऑल-टेरेनची नक्षी दांडगी असते. गाडी उभी असताना रुबाबदार दिसते, आणि गाडी बहुतेक वेळ उभीच असते. कॅटलॉगमध्ये यूटातल्या मोॲबचे लाल खडक असतात. आपल्या वर्षभराच्या प्रवासातला सर्वांत खडतर टप्पा कोणता, हे प्रामाणिकपणे आठवावे. एडिसनच्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी पार्किंग शोधणे यात धरू नये. ते अवघड खरेच, पण डांबरावरच असते. गणेशोत्सवाला शाळेच्या ओल्या मैदानात, मागच्या हौद्यात मंडपाचे खांब आणि पुढे मांडीवर मोदकांचे ट्रे घेऊन गाडी लावलीत, एवढे ऑफ-रोडिंग मात्र मान्य. पण त्यासाठी वर्षभर दहा-पंधरा टक्के रेंज सोडायची का, हे घरात विचारून घ्यावे. माझे मत विचाराल तर रस्त्याचेच घ्या. बर्फाची भीती असेल तर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह शोधावे. नुसत्या ‘एम+एस’मागे बर्फातली चाचणी असतेच असे नाही.

काही टायरच्या आत आवाज शोषणारा फोम चिकटवलेला असतो. इंजिन नसल्याने टायरची घरघर जास्त जाणवते, म्हणून हा इलाज. पंक्चर काढताना मात्र तो फोम आधी खरवडावा लागतो, आणि त्यावेळी कारागीर आपल्याकडे ज्या नजरेने पाहतो ती सहन करण्याची तयारी ठेवावी.

दुकानात गेल्यावर ‘डीओटी’च्या रांगेतले शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. जॅक ठरलेल्या ठिकाणीच लावा म्हणून सांगावे. पोटाखाली बॅटरी आहे, आणि तिच्यापुढे टायरचे बिल म्हणजे चिल्लर. हवा दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. रोटेशनच्या पावत्या जपाव्यात, मैलांची वॉरंटी मागायला गेलात की आधी त्याच मागतात.

नवे टायर बसवून घरी येताना रेंज कमी दिसेल. घाबरू नये, सर्व्हिसलाही फोन करू नये. कोऱ्या टायरची नक्षी जाड, म्हणून तो लोळायला जास्त वीज खातो. झिजेल तशी रेंज सुधारेल. सर्वांत चांगली रेंज मिळायला लागली की नाणे शोधावे.