चारोटी नाक्यावरून जहाज पकडताना

विवळवेढ्याला समुद्र नाही. महालक्ष्मीचं देऊळ आहे, मुसळ्या डोंगर आहे, जवळच मुंबई-अहमदाबाद महामार्ग रात्रंदिवस धडधडतो आहे. पण खारं पाणी पाहायचं तर डहाणू गाठावं लागतं. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, या पट्ट्यातल्या वाडीवाल्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या आणि निवृत्त गुरुजींच्या घरांत "एकदा क्रूझ करून येऊ" हा ठराव हल्ली मांडला जातो. मांडणारी सहसा काकू असते. अनुमोदन मुलगा देतो, तेही मोबाईलवर जाहिरात दाखवून: पांढरं जहाज, निळं पाणी आणि एक मोहक आकडा. आकड्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी असते. काका आकडा पाहतात, काकू जहाज पाहते, चांदणी कोणीच पाहत नाही.

चांदणीच्या पोटात बरंच काही असतं. आकडा 'माणशी' असतो आणि तोही एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून. एकट्याने जायचं म्हटलं तर न आलेल्या दुसऱ्या माणसाचं भाडंही बऱ्याचदा भरावं लागतं. त्यावर बंदर शुल्क, त्यावर कर, आणि मग टीप. ही टीप म्हणजे बडीशेपेच्या बशीत ठेवलेली वीसची नोट नव्हे. ती माणशी, रोजच्या रोज, आपोआप खात्यावर चढते. प्रिन्सेस, सेलिब्रिटी, हॉलंड अमेरिका या परदेशी प्रीमियम कंपन्यांच्या जहाजांवर ती दिवसाला पंधरा-वीस डॉलरच्या घरात जाते. चौघांचं कुटुंब सात रात्री गेलं की नुसत्या टिपेत चारशेच्या वर डॉलर. एवढ्यात काकांना चांदणी दिसू लागते.

पेयांचं पॅकेज हा त्यातला खास विनोदी प्रकार. काकांना संध्याकाळी थोडी घ्यायची असते म्हणून ते पॅकेज मागतात. तर अनेक कंपन्यांचा नियम असा, की एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं तर दुसऱ्यानेही घेतलं पाहिजे. मग काकूला आठवडाभर मॉकटेल पिऊन वसुली करत बसावं लागतं. सिल्व्हरसी, रीजंट अशा आणखी महागड्या जहाजांवर टीप, पेयं, वायफाय हे बहुतेक भाड्यातच धरलेलं असतं. पण ज्या घरात चहाखेरीज काही प्यायलं जात नाही, त्यांनी 'सगळं आत' असलेलं तिकीट घेणं म्हणजे दुसऱ्यांच्या ग्लासांचे पैसे भरणं आहे.

खरं तर मोठ्या गर्दीत कुटुंब सांभाळून नेण्याचं शिक्षण विवळवेढेकरांना वेगळं द्यायला नको. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस त्यांच्या दारात महालक्ष्मीची यात्रा भरते. कोणाचा हात कोणी धरायचा, चुकलं तर कुठे भेटायचं, पैसे कुठे ठेवायचे, हे त्यांना पाठ असतं. यात्रेत आणि जहाजात फरक एकच: यात्रेत उशिरा पोचलेल्याला पाळण्यात बसता येतं.

जहाज थांबत नाही. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझ बॅलार्ड पियरवरून सुटतात. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. तिकिटावरची वेळ जहाज सुटण्याची असते. चढण्याचं दार त्याच्या बरंच आधी बंद होतं. आता महामार्गावरच्या चारोटी नाक्यावरून "तीन तासांत पोचतो की" म्हणून निघालेली गाडी घोडबंदरच्या आसपास किती वेळ उभी राहील, हे देवीलाच ठाऊक. शहाण्याने आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. नाहीतर डहाणू रोडहून लोकल आहेच. २०१३ पासून ती डहाणूपर्यंत येते, आणि तिला घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाशी काही देणंघेणं नाही. चर्चगेटहून पुढे टॅक्सी.

सामानाचं काय? याच मुंबईहून २९ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजी 'राजपुताना' बोटीने दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले. सोबतच्या मंडळींनी नको तितक्या पेट्या भरल्या आहेत हे कळल्यावर त्यांनी जादा सामान एडनहून परत पाठवायला लावलं. काकूच्या पेट्यांना एडन नाही, स्कॅनर आहे. त्यात इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्ड अडकतात, कारण जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची असते. घरी केलेलं ओलं खाणंही बहुधा अडकतं. सुक्या बोंबलांबद्दल तर विचारूच नये. चिकूची गोष्ट जरा दुःखाची आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेच्या बंदरावर पिशवीत ताजं फळ घेऊन उतरलात तर मानांकन दाखवून सुटका होत नाही; दंड होतो. चिकू घरीच खाऊन निघावं.

उलट ज्या वस्तू न्याव्यात त्या कोणी नेत नाही. केबिनच्या भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात. चार चुंबकी हुक नेले की ओले टॉवेल, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीला टांगता येतं, आणि महालक्ष्मीचा फोटोसुद्धा. दुसरी गोष्ट हातातली छोटी पिशवी. मोठ्या बॅगा धक्क्यावरच काढून घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत कधीतरी येतात. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत ठेवली, तर तोवर रक्तदाब आपलं काम करून मोकळा होतो.

केबिन निवडताना मराठी कुटुंबात दोन पक्ष पडतात: "झोपायलाच तर जायचंय" म्हणणारा आणि "बाल्कनी नसेल तर मी येत नाही" म्हणणारा. दोघांचंही बरोबर आहे. पण ज्याला बोट लागते त्याने दोन्ही पक्ष सोडून जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. हेलकावे तिथे सगळ्यात कमी जाणवतात. नकाशा उघडून डोक्यावर काय आहे तेही पाहावं. वर पोहण्याचा तलाव असेल, तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज भाड्यात समाविष्ट असतो. तिसरा-चौथा माणूस एकाच केबिनमध्ये घातला की त्याला भिंतीतून उघडणारा वरचा बर्थ मिळतो. तो आजीच्या वाट्याला येणार नाही, हे बुकिंगच्या वेळीच पाहायचं असतं.

देशी पाण्यातला क्रूझचा इतिहास तसा ताजा आहे. मुंबई-गोवा 'आंग्रिया' ही क्रूझ ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली. ती मुळात जपानची 'ओगासावारा मारू'. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून सेवेत आलं होतं. वय पाहून नाक मुरडू नये, पण फोटोतली खोली नव्या जहाजाची नाही ना, एवढं पाहावं. मुंबईचा हंगाम ढोबळमानाने ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यातला अरबी समुद्र कोळ्यांनाही नको असतो.

वाढवण बंदर झालं की क्रूझ डहाणूलाच लागेल, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेलं ते ७६ हजार कोटींचं बंदर प्रामुख्याने कंटेनरसाठी आहे, आणि त्याला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

परदेशी क्रूझसाठी सगळ्यात मोठा घोटाळा व्हिसाचा. अलास्का अमेरिकेत, जहाज सुटणार अमेरिकेतल्या सिएटलहून, म्हणून काका अमेरिकेचा व्हिसा काढून निर्धास्त. पण १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून ते कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळपुरतं टेकतं. कॅनडाचा व्हिसा नसेल तर काका सिएटललाच राहतात आणि पैसेही तिथेच राहतात. आपल्याच लक्षद्वीपला जायलाही परवाना लागतो. तो कोण काढणार, हे एजंटला आधी विचारावं.

गरोदर बाईंसाठी नियम कडक आहे: प्रवास संपेपर्यंत चोवीस आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. विवळवेढ्याची देवी, कथेप्रमाणे, गड चढू न शकणाऱ्या गरोदर भक्तिणीसाठी स्वतः पायथ्याशी आली. क्रूझ कंपनी येत नाही, डॉक्टरचं पत्र मागते.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिलं आकर्षण बुफे असतं आणि पहिलं कर्तव्य सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे, एक लांब: ऐकलं की कार्डावर छापलेल्या जागी जायचं. बरेच जण ताट सोडायला तयार नसतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटली तेव्हा आदल्या बंदरात चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. बत्तीस माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला आणि कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यायची असं ठरलं. गुलाबजाम तेवढा वेळ थांबतात.

मग फोन. किनारा दूर गेला की फोन जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो, आणि "पोचलो, जेवलो" एवढं सांगण्याचं बिल जेवणाहून जास्त येऊ शकतं. फोन विमान मोडवर टाकून हवं तर जहाजाचं वायफाय घ्यावं. कॅसिनो किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरवर, उघडतो. काकांना तिथे नेमकी हवा खायला जायचं असतं.

बंदरावर उतरलात तर जहाजाने ठरवलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबतं. स्वतः केलेल्या टॅक्सीला झाला तर नाही. गोव्यात जहाज मुरगावला लागतं आणि कलंगुट तिथून जवळ नाही. घड्याळही जहाजाचंच पाळावं, किनाऱ्यावरचं नव्हे.

शेवटच्या सकाळी हिशेबाच्या खिडकीपाशी जी रांग लागते, तीत बहुतेक जण "हे आम्ही घेतलंच नाही" म्हणत उभे असतात आणि पाठीमागे बॅगा उतरत असतात. तेव्हा बिल आदल्या रात्रीच, जेवण झाल्या झाल्या, केबिनमधल्या टीव्हीवर किंवा काउंटरवर पाहून घ्या. चूक असेल तर त्या वेळी काउंटरवरच्या माणसाकडे ती ऐकायला वेळ असतो.