शॉर्टवाले काका

गाडी सुरळीत धावत असली की काका उदास असतात.

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी नातवाला कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवायला नेलं. नातू दुसऱ्या दिवशी क्रिकेटकडे वळला. काकांनी मात्र रूळ मागवले. आता जेवणाच्या टेबलावर रेल्वे आहे आणि काकू ताट मांडीवर घेऊन जेवतात. इंजिन खऱ्यापेक्षा ८७ पट लहान, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, वीज १२ व्होल्ट. काकांचा आवाज तेवढा पूर्ण मापाचा.

"डाव्या-उजव्या रुळांची गाठ मोटरमधूनच पडली पाहिजे. बाहेर परस्पर भेटले की शॉर्ट!" हे ते जुन्या काळच्या वधूपित्याच्या सुरात सांगतात.

गाडी अडली, लाल दिवा लागला, की काकांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. "कुणी हात लावायचा नाही!" लावत कुणीच नसतं. आधी इंजिन उचलायचं. शॉर्ट तरीही राहिला तर गुन्हेगार रुळांवर: सांध्यात सरकलेला रूळ, पडलेला स्क्रू. गेला तर इंजिनात. मग इंजिन पालथं घालून मल्टिमीटर लावायचा. चाकांच्या प्रत्येक जोडीतल्या एका चाकाला आसापासून प्लास्टिकच्या बुशनं वेगळं ठेवलेलं असतं. जोडी उलटी बसली की कारभार आटोपला. काही वाफेच्या इंजिनांत तर एका रुळाची वीज इंजिन घेतं, दुसऱ्याची त्यामागचं कोळशाचं टेंडर. "संसार एक, मीटर दोन!" काका म्हणतात, काकूंकडे न बघता.

गेल्या दिवाळीत नव्या इंजिनानं तीन दिवस दाद दिली नाही. काकांनी चाकं तपासली, बॉडी उतरवली, कार्बन ब्रश पुसले. संशयितांच्या यादीत नातू होता, मांजर होतं, इंजिनाचा कारखाना होता आणि मीही होतो. मागे एकदा टेबलाला टेकलो होतो म्हणून. चौथ्या दिवशी भिंगातून दिसली ती केसाएवढी लोखंडी तार. मोटरच्या चुंबकानं ओढून घेतलेली, दोन्ही ब्रशना आडवी टेकलेली.

"सापडला!" काकांनी जिना दणाणून सोडला. आम्ही सगळे जमलो. काकूंनीही भिंग मागून घेतलं.

"ही माझी घासणी. सोमवारपासून शोधतेय."

रूळ चकचकीत करायला घासणी कुणी पळवली, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे बघा, इंजिन निर्दोष होतं!"

चिमट्यानं तार काढली. गाडी सुटली. आम्ही टाळ्या वाजवल्या, काकूंनी घासणीची भरपाई मागितली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला काकांचा चेहरा उतरला. चौथ्या फेरीला त्यांनी रुळाला कान लावला आणि आशेनं विचारलं, "आवाज जरा वेगळा येतोय, नाही?"