शिकाऱ्याचा मुकादम

भीमेकाठच्या अफजलपूर तालुक्यात प्रत्येक जनावराला काही ना काही काम नेमून दिलेले असते: बैल औताला, म्हैस दुधाला, शेळी अडीनडीला बाजाराला आणि कुत्रा वस्तीच्या राखणीला. या व्यवस्थेत सर्वस्वी बेकार असा एकच प्राणी आढळतो, तो म्हणजे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या मास्तराच्या किंवा अडत दुकानदाराच्या घरात, चार भिंतींच्या आत पाळलेला उमद्या जातीचा कुत्रा. या बेकाराला सकाळपासून रात्रीपर्यंत काम पुरवण्याची जबाबदारी जो गृहस्थ स्वतःहून अंगावर घेतो त्याला येथे ‘मुकादम’ म्हटले आहे, कारण ऊसतोडीच्या मुकादमाप्रमाणे तोही उचल आधी देतो (ही उचल बिस्किटांच्या रूपात असते) आणि कामाचा हिशेब मागाहून मागत बसतो.

मुकादमाकडे बहुधा मुधोळ जातीचा कुत्रा असतो, ज्याला दख्खनच्या खेड्यांत ‘कारवानी’ असेही म्हणतात. हा प्राणी ‘दृष्टिशिकारी’ वर्गातला आहे. म्हणजे वास घेत माग काढण्यापेक्षा लांबवर हललेली वस्तू डोळ्याने टिपून तिच्यामागे सुसाट धावणे, हा त्याचा पिढीजात धंदा आहे. खांद्यापाशी सुमारे 70 सेंटीमीटर उंची, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट आणि चेहऱ्यावर गादीवरून उतरवलेल्या संस्थानिकाचा भाव, अशी त्याची ठेवण असते. या वंशाची जोपासना मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी केली, 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले, आणि बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे एक श्वान संशोधन केंद्र खुद्द मुधोळजवळ तिम्मापूरला आहे, ही सर्व माहिती मुकादम दाराशी आलेल्या प्रत्येकाला, दूधवाल्याला आणि वीजबिल वाटणाऱ्यालाही, न विचारता पुरवतो. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’, अर्थात कुत्र्यांची करमणूक, स्वतंत्रपणे सांगितली आहे, हे कळल्या दिवसापासून तर मुकादम आपल्या उद्योगास राजमान्य समजू लागतो. त्या विनोदात करमणूक राजाची होत असे आणि धावणे कुत्र्याच्या वाट्याला येई. मुकादमाच्या घरी या दोन्ही गोष्टींची अदलाबदल झाली आहे, एवढा बारीक फरक तो विचारात घेत नाही.

असा धावपटू घरात कोंडण्याची कारणे मात्र खरी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गी जिल्ह्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, डांबरी रस्ता दुपारी तापून निघतो, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नसल्यामुळे जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य मार्ग असतो; अशा उन्हात त्याला पळवणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. पहाटे व सायंकाळी बाहेर न्यावे, तर गल्लीत शेळ्या, कोंबड्या आणि सायकलवरची पोरे यांपैकी काही ना काही धावत असतेच, आणि धावणाऱ्या वस्तूबाबत कारवानीचे मत ठाम असते. परिणामी शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची भरपाई दोन-तीनदा मोजून झाल्यावर मुकादम साखळी आखडती घेतो आणि उरलेला दिवस घरात कसा घालवावा या प्रश्नाला शास्त्रीय स्वरूप देतो.

शास्त्रीय स्वरूप देण्यासाठी त्याला ‘वातावरण-समृद्धी’ ही संज्ञा उपयोगी पडते. बंदिस्त प्राण्याच्या भोवतालात त्याच्या मूळ सवयींना वाव देणाऱ्या वस्तू आणि कामे जाणूनबुजून पेरणे, असा तिचा अर्थ असून ती प्राणिसंग्रहालयांतून घराघरांत आली आहे. माळवदी घरात तिची अंमलबजावणी पुढीलप्रमाणे होते. शहाबादी फरशी गार असली तरी घोटून गुळगुळीत केलेली असते, तीवर वळताना कुत्र्याचे पाय चारी दिशांना जातात व सांध्यांना इजा होण्याचा संभव असतो. म्हणून सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत तरटे अंथरली जातात, आणि तरटे संपली की सौभाग्यवतींच्या माहेरून आलेल्या सोलापुरी चादरींवर संक्रांत येते. मग दाव्याच्या तुकड्याला गाठ मारून रस्सीखेच होते, जिच्यात मुकादमाचा खांदा दुखावतो. रिकाम्या पोत्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे दडवून पोते गुंडाळून दिले जाते. ते उलगडण्याऐवजी फाडणे सोपे असते हा शोध कुत्र्याला पहिल्याच दिवशी लागतो. वाटीत ताक गोठवून चाटायला देणे हा उन्हाळ्यातला सर्वांत यशस्वी प्रयोग होय, फक्त त्या वाटीचा फरशीवरचा खणखणाट दुपारभर साऱ्या गल्लीला ऐकावा लागतो. पाठशिवणीचा खेळ एकदाच झाला. त्यानंतर माजघरातली उतरंड पुन्हा रचण्यात आली नाही.

या घरात खरी जाणकार व्यक्ती वेगळीच असते. मुकादमाच्या आईला वातावरण-समृद्धी ठाऊक नसते. चुलीपुढे बसून ज्वारीची भाकरी थापताना कुत्रा पायात घोटाळतो एवढीच तिची तक्रार असते, आणि त्यावर तोडगा म्हणून ती भाकरीचा चतकोर कुसकरून कणगीमागे, पाट्याआड आणि देवळीखाली भिरकावून देते. पुढचा अर्धा तास कुत्रा नाक जमिनीला लावून शांतपणे कामात असतो. वास ग्रहण करणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात सुमारे 50 ते 60 लाख, तर कुत्र्याच्या नाकात जातीनुसार दहा कोटींहून अधिक असतात, त्यामुळे दृष्टिशिकारी म्हणवणाऱ्या जातीलाही नाकाचे काम पुरून उरते आणि असे शोधकाम जनावराला चांगले निववते. मुकादम याच प्रकाराला ‘गंधशोध’ असे नाव देऊन, सहा पेले पालथे घालून, वेळ मोजून, संध्याकाळी पाहुण्यांसमोर त्याचे प्रात्यक्षिक करतो. आज्ञा तो इंग्रजीत देतो, घरची माणसे मराठीत सूचना करतात, आणि कुत्रा मात्र कानडी मुलखातल्या गोठ्यात वाढलेला असल्याने धुणीभांडी करणारी बाई ‘बा’ म्हणाली की लगेच येतो.

मुकादमाच्या काही चुका हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. भिंतीवर लेसरचा लाल ठिपका फिरवून कुत्र्याला नाचवणे त्याला फार आवडते. पण जी शिकार कधीच दातात सापडत नाही तिच्यामागे धावून काही कुत्र्यांना सावल्या व कवडसे शोधण्याचा नादच जडतो, तेव्हा तो ठिपका बंद केलेलाच बरा. शिजवलेली हाडे चावताना त्यांच्या टोकदार कपच्या होतात, म्हणून तीही वर्ज्य होत. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, आणि लसूण घातलेली शेंगाचटणी तर मुळीच देऊ नये. परंतु बक्षीस म्हणून काय द्यावे याबाबत मुकादमाचे ज्ञान शेजाऱ्याकडून आलेले असते आणि शेजारी कुत्रा पाळत नाही.

सर्वांत मोठा दोष स्वभावातला आहे. दृष्टिशिकारी कुत्रा थोडा वेळ वाऱ्यासारखा धावतो आणि उरलेला बराचसा दिवस लोळत काढतो. प्रौढ कुत्रा दिवसाचे निम्मे तास झोपेत घालवतो, पिल्लू त्याहून कितीतरी अधिक. आईच्या चतकोराने समाधान पावून टायगर (नाव बहुधा हेच असते) माजघरातल्या गार फरशीवर पाय पसरून पडला, की मुकादम त्याला खिन्न समजतो, हाका मारून उठवतो आणि दुपारचे सत्र सुरू करतो. स्वतः मुकादम जेवणानंतर दोन तास वामकुक्षी घेतो, पण तो आरोग्याचा नियम असतो. तीन सत्रे झालेला कुत्रा रात्री थकून शांत होण्याऐवजी भलताच चेकाळतो व उशीची चिरफाड करतो. त्यावरून काम कमी पडले असा निष्कर्ष काढून दुसऱ्या दिवशी चौथे सत्र वाढवले जाते.

याच तालुक्यातील गाणगापूर हे दत्तक्षेत्र मुकादमाच्या सिद्धान्ताला अडचणीचे ठरते. तेथे माध्यान्ही दत्तगुरू कोणत्याही रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा असल्याने मधुकरीचा घास दारच्या कुत्र्यालाही मिळतो, आणि दत्ताच्या चित्रात चार कुत्री असल्यामुळे त्याला हुसकावण्यास सहसा कोणी धजत नाही. गुरुवारी दर्शनाला गेलेला मुकादम त्या कुत्र्यांना बारकाईने न्याहाळतो: सकाळी संगमापर्यंत एक चक्कर, वाटेवर प्रत्येक दगड हुंगणे, दुपारी पोटभर घास, आणि मग ओट्याच्या सावलीत संध्याकाळपर्यंत निश्चल झोप, सत्र नाही, पेले नाहीत, तरीही एकाच्याही तोंडी फाटकी उशी नाही. परतीच्या बसमध्ये तो या निरीक्षणावर बराच विचार करतो, ती कुत्री क्षेत्रातली असल्याने त्यांचा दाखला संसारी कुत्र्याला लागू पडत नाही असे ठरवतो, आणि घरी पोहोचताच टायगरला झोपेतून उठवून पेले मांडायला घेतो.